मावशींना पान लागलं

मला साप ओळखता येतात. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलंय की आता लिहिताना माझेच कान गरम होतात. पण खरं ते खरं. नंदुरबारजवळच्या कोरीट गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्या चार आणि पुस्तकं अकरा होती. सापांचं एक जाडजूड, पक्ष्यांची दोन, बेडकांचं, कोळ्यांचं, फुलपाखरांचं, झाडांचं. जे दिसेल ते ओळखायचं, त्याला नाव लावायचं आणि वहीत तारीख घालून ठेवायचं, हा माझा जुना नाद. मी मूळची पुण्याची. एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती समोरच्याला ऐकवणं यांत आमच्याकडे फारसा फरक करत नाहीत.

पहिल्या वर्षी गावाला माझी गंमतच वाटायची. चहाच्या टपरीवर एक जण मला ऐकू जाईल अशा बेतानं विचारायचा, "बाई, मन्ही म्हैस कोनता पानवर शे?" मी म्हणायचे, "म्हशीचं नाही, पण तुमचं चित्र आहे. माकडांच्या पानावर बघा." सगळी टपरी हसायची आणि तो सगळ्यांत जास्त हसायचा. मग हळूहळू मोबाईलवर फोटो यायला लागले. कपाशीत धामण निघाली, मोरीत विरोळा आला, कोंबड्यांच्या खुराड्यात काहीतरी वेटोळं घालून बसलंय, "बाई, हाऊ कोनता शे?" अर्धे फोटो नुसत्या शेपटीचे. एकदा वैतागून मी लिहिलं, शेपटीवरून तुम्ही तुमचा बैल तरी ओळखता का? त्यावर उत्तर आलं, "हो."

तरी मी सोडलं नाही. धामण म्हशीचं दूध पीत नाही, मांडूळ दुतोंडी नसतं, नाग डूख धरत नाही, असं मी शाळेत, किराणा दुकानात, पंचायतीच्या ओट्यावर जिथे संधी मिळेल तिथे भांडून सांगितलं. कवड्या आणि मण्यार यांत लोक हमखास फसतात, म्हणून त्या दोघांची चित्रं मी स्वतः रंगवून वर्गात लावली. दोन्ही काळपट आणि दोन्हींवर पांढरे आडवे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारचं उलटं, मानेजवळ काही नाही आणि खाली खाली पट्टे ठळक, बहुतेक जोडीजोडीनं. कवड्या बिनविषारी. मण्यार चावला तर दुखत नाही, सूज येत नाही, माणूस नुसता सुस्तावत जातो आणि मग त्याचा श्वास बंद पडतो. हे मी मुलांकडून घोकून घेतलं होतं. मुलं अजूनही झोपेत म्हणतील.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी माझ्या शेजारीच राहायच्या. त्यांच्या घराची आणि माझ्या खोलीची मधली भिंत एकच. पन्नाशी उलटलेल्या, हाताला प्रचंड उरक, तोंडाला त्याहून जास्त. मला ताप आला तर न विचारता पेज आणून ठेवणाऱ्या आणि वर "पुस्तकमा पेज नही व्हई ना?" म्हणून टोमणा मारणाऱ्या. त्यांचं माझं भांडण दोनच गोष्टींवरून व्हायचं. एक, त्यांचं तंबाखूचं पान. आणि दुसरं, माझं बोलणं. दिवेलागणीला मी अंगणात "आज मोठा साप दिसला" असं म्हटलं की त्या दोन्ही हात कानांवर ठेवायच्या. "नाव नको बाई, नाव नको! जनावर म्हना." मी हटकून पुन्हा म्हणायचे, साप, साप, साप. "मावशी, नाव घेतल्यानं काही होत नाही. नाव माहीत नसलं की होतं." त्या पचकन थुंकून आत निघून जायच्या. माझ्या शहाणपणावर कुणी असं थुंकलेलं मला मुळीच आवडायचं नाही, पण पेज चांगली करायच्या, म्हणून मी सोडून द्यायचे.

श्रावणातली सकाळ होती, साडेसहाचा सुमार. दारावर थाप पडली. उघडलं तर मावशींचे यजमान. यांना मी काका म्हणायचे. दिवसाला चार वाक्यं बोलले तर पुष्कळ, असा माणूस. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती.

"बाई, तिले पान लागनं."

"कधी?"

"पहाटले. आते डोया उघडतस नही."

मी आज कितीही आठवून पाहिलं तरी त्या क्षणी माझ्या मनात शंकेची पुसटशीसुद्धा रेघ नव्हती. सुपारी लागते तसं पान लागलं. तंबाखू जास्त झाली की घाम फुटतो, गरगरतं, डोळे जड होतात. माझा एक मामा लग्नाच्या पंगतीनंतर असाच आडवा झाला होता. मी पदर खोचला आणि निघाले. चालता चालता बोलतच होते, "सांगून सांगून जीभ झिजली माझी, पण ऐकेल कोण!"

मावशी चटईवर पडल्या होत्या. पापण्या अर्ध्यावर आलेल्या. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. मला बघून त्यांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द ओला होऊन तोंडातच राहिला. दारू प्यालेल्या माणसासारखं ते लडबडलेलं बोलणं ऐकून माझा राग आणखी वाढला. आणि खोटं कशाला सांगू, रागाच्या खाली थोडं समाधानही होतं. बघा, मी म्हणत होते की नाही! मी खाली बसले आणि त्यांच्या तोंडावर सुरू झाले. "हौस फिटली? मी काय शत्रू होते तुमची? या तंबाखूपायी शुद्ध राहत नाही माणसाला, कळतं का? शोभतं का या वयात?"

मावशींचे ओठ पुन्हा हलले, नुसती लाळ आली. काका मागे उभे राहून मान हलवत होते.

मी लिंबू पिळून साखर-मीठ घातलं आणि मावशींचं डोकं मांडीवर घेऊन चमचा तोंडाला लावला. पाणी आत गेलंच नाही, गालावरून माझ्या साडीवर आलं. "असू दे," मी म्हटलं, "घोट उतरत नाही तर देऊ नका. एका कुशीवर झोपवा. झोपू द्या. दोन तासांत उतरेल सगळं."

"उतरी जाई?" काकांनी विचारलं.

"उतरेल हो."

"नक्की ना, बाई? गाडी सांगेल शे मी."

"गाडी? अहो काका, पान लागलं म्हणून कुणी गाडी करतं का? परत पाठवा ती."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या न बोलणाऱ्या माणसाचा चेहरा एकदम सैल पडला, डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी मला हात जोडले. मला जरा विचित्र वाटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी हात काय जोडायचे? बाहेर आले तर गल्लीतली दहा-बारा माणसं उभी. मी म्हटलं, "काही होत नाही, उतरेल, घरी जा." सगळे घरी गेले. कोपऱ्यावर उभी असलेली जीपही गेली. मी खोलीवर आले, मुख्याध्यापकांना निरोप पाठवला की मावशींना तंबाखू चढली आहे, खिचडीला आज दुसरं कुणी बघा. मग चहा टाकला आणि साडी बदलली.

चहा अर्धा झाला होता तेव्हा मोबाईल वाजला. मावशींच्या पलीकडच्या घरातली सून. फोटो होता. उंबऱ्यावर काठीनं चेचलेला साप, आणि यावेळी चक्क डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळा आलेला. मी फोटो मोठा करून पाहिला. मानेजवळ पट्टे नाहीत. खाली जोड्या. पाठीच्या मधोमध मोठे खवले. तरीसुद्धा पुस्तक काढलं, पान उघडलं आणि शेजारी मोबाईल धरून ताडून पाहिलं. फार सुंदर नमुना होता, मारायला नको होता. मी लिहिलं, "मण्यार. शंभर टक्के. अतिविषारी. मारलात कशाला? कुठे सापडला?"

उत्तर लगेच आलं. "मावशीनी गोधडीमा, आतेच सापडना. पहाटले हाऊच लागना ना तिले. तुम्ही तं तिले देखी उनात."

मी ते वाचलं. परत वाचलं. हाऊच लागना. लागना. पान लागनं.

कप माझ्या हातातून पडला की मी ठेवला ते मला आठवत नाही. एखाद्या खोलीत आपण रोज वावरावं आणि एक दिवस कळावं की इथे आणखी एक दार होतं, तसं झालं. या गावात सात वर्षं राहत होते मी. ही माणसं सापाला साप म्हणत नाहीत हे मला माहीत होतं, त्याची मी चेष्टा करत होते. मग तो चावल्यावर ती काय म्हणत असतील, एवढंसुद्धा मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं! आणि काका माझ्या दारात का आले होते? तंबाखू चढलेल्या बायकोला घेऊन कुणी विज्ञानाच्या बाईंकडे येतं का? ते साप ओळखणाऱ्या बाईंकडे आले होते. विषारी की बिनविषारी एवढं विचारायला. आणि मी म्हटलं होतं, उतरेल.

मी अनवाणी धावले. मावशींच्या घरात शांतता होती. काका त्यांच्या पायाशी बसून पाय चोळत होते. "झोपली शे," ते हळू आवाजात म्हणाले, झोपमोड होऊ नये म्हणून.

"झोपली नाही हो! काका, गाडी! गाडी कुठाय? साप चावलाय यांना!"

माझ्या तोंडून तो शब्द निघाला तसे काका दचकून उभे राहिले. "बाई, तिना समोर नाव..." एवढं म्हणाले आणि मग बाकीचं त्यांच्या लक्षात आलं. "पन तुम्ही सांगं ना, उतरी जाई?"

मी बाहेर पळाले आणि गल्लीत उभी राहून अक्षरशः बोंब मारली. जीप दुसरं भाडं घेऊन गेली होती. शेवटी मिरची वाहणारी एक पिकअप मिळाली. मागे रिकाम्या पोत्यांवर मावशींना ठेवलं, एका बाजूला काका, एका बाजूला मी. गाडी सुटली तशी पोत्यांतली जुनी धूळ उडाली. मला ठसका लागला, काकांना लागला, पुढे बसलेल्या गल्लीतल्या पोरांनासुद्धा लागला. मावशी खोकल्या नाहीत. मी त्यांच्या नाकाशी हात धरला. श्वास होता, पण वरवरचा, कुणीतरी कंजूषपणे मोजून दिल्यासारखा. नंदुरबार येईपर्यंत मी त्यांची हनुवटी वर धरून ठेवली आणि तोंडातली लाळ पदरानं काढत राहिले. आयुष्यात मी देवाला इतक्या वेळा हाक मारली नव्हती.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी मोबाईल पुढे केला. "मण्यार आहे, डॉक्टर. खात्रीनं सांगते, मी ओळखते."

त्यांनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. मावशींची पापणी वर करत म्हणाल्या, "नाव काही असो, इथल्या सापांना औषध एकच आहे. चावला कधी?"

"पहाटले," काका म्हणाले.

"आणि इतका वेळ काय करत होतात?"

हा प्रश्न त्यांनी काकांना विचारला होता. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खाली फरशीकडे बघत म्हणाले, "गाडी भेटनी नही." मी तिथेच उभी होते. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं, पण उघडलं नाही. आयुष्यभर बडबडत आलेली मी, नेमकी तेव्हाच गप्प.

मावशींना आत नेलं, सलाईन लावलं, घशात नळी घातली, श्वासाचं यंत्र लावलं. बाहेर बाकावर मी आणि काका. दुपारी केव्हातरी मी सांगून टाकलं. "काका, मला कळलंच नाही. आमच्याकडे पान लागणं म्हणजे तंबाखूचं पान. मला वाटलं त्यांनी पान जास्त खाल्लं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. म्हातारपणी कुणी येऊन सांगावं की सूर्य उगवतो ते मला माहीत नव्हतं, तशा नजरेनं. मग त्यांनी विचारलं, "मंग तुमना गावले काय म्हनतस?"

"साप चावला, म्हणतात."

"ज्याले लागना त्याना समोर?"

"हो."

"आरे बापरे," काका म्हणाले. त्यांना खरोखर धक्का बसला होता. चावलेल्या माणसाच्या कानावर ते नाव पडलं तर विष चढतं, हे त्यांच्या मते लहान लेकराला ठाऊक असायला हवं. एवढी शिकलेली पुण्याची माणसं आणि त्यांना हे माहीत नाही! मग ते म्हणाले, "तुम्ही तिले तंबाखूवरतून बोलनात, तं मले वाटनं, तंबाखूनी गुंगीमा तिले समजनं नही म्हनीसन बोली ऱ्हायनात."

म्हणजे मी बोललेला प्रत्येक शब्द त्यांच्या बाजूनंही चपखल बसला होता. माझा राग, माझं लिंबूपाणी, माझं उतरेल. एकही शब्द अडखळला नाही.

यंत्र बरेच दिवस होतं. रोज शाळा सुटली की मी नंदुरबारला जायचे. आणि गावात, ऐका आता, गावात माझं कौतुक सुरू होतं! बाईंनी फोटोवरून ओळखलं म्हणून मावशी वाचल्या. किराणावाल्या शेठनी माझ्याकडून साखरेचे पैसे घ्यायला नकार दिला. मी "नाही हो, तसं नाही" म्हणायचे, ते माझा नम्रपणा समजायचे. कोरीटमध्ये कुणी मला नम्र समजावं, हाही एक धक्काच! मी सांगून टाकायला हवं होतं. काका कुणाला काही बोलले नव्हते, आणि ते बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून मीही नाही बोलले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर पळूनच गेला होता आणि मी मोकळी वेसण हातात धरून मिरवत होते.

यंत्र निघालं, नळी निघाली. त्यानंतर दोन दिवसांनी मी गेले तेव्हा मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज बसलेला, पण डोळे पूर्ण उघडे. मी त्यांचा हात धरला आणि रडायला लागले. म्हटलं, "मावशी, मला माफ करा."

त्यांनी मला रडू दिलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मी आयकी ऱ्हायनी व्हती, बाई."

"काय?"

"बठ्ठं."

मण्यारचं विष अंग लुळं करतं, कान नाही. हेसुद्धा पुस्तकात आहे, मी वाचलेलं आहे. त्या सकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून मावशी माझा शब्द न् शब्द ऐकत होत्या. हौस फिटली, शोभतं का या वयात, झोपू द्या, गाडी परत पाठवा. त्यांना सगळं कळत होतं आणि जीभ उचलत नव्हती.

"त्या दिन मी पान खादंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "एकादशी व्हती आदला दिन. निरंकार उपास. तंबाखूले हात बी लावेल नव्हता." घोट गिळला. "मरानं भेव नही वाटनं, बाई. पन लोके म्हनतीन, तंबाखू खाईसन पडेल व्हती, म्हनीसन तिले समजनं नही. हाई लाज वाटनी. तेच सांगाना व्हतं तुमले."

मला नंतर वाटत राहिलं होतं की त्या मदत मागत होत्या. त्या तोंडातून निघू पाहणाऱ्या शेवटच्या शब्दांत त्या मला, माझ्या रागाला, उत्तर देत होत्या.

"आते म्हनतस का तसं, लोके?" त्यांनी विचारलं.

म्हणत होते. सगळं गाव म्हणत होतं. मुख्याध्यापकांना मी पाठवलेला निरोप शाळाभर झाला होता, शाळेतून घराघरांत गेला होता. मावशी तंबाखूच्या गुंगीत होत्या, म्हणून जनावर गोधडीत शिरलेलं कळलं नाही. पोरं तर खेळात त्यांची नक्कल करायची. ऐकून मला वाईट वाटायचं, आणि मी पुढे जायचे. मी त्यांची चादर सारखी करायला लागले. त्यांना ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाल्यावर मी पुढे जाऊन उभी राहिले. शिक्षक होते, पोरं होती, सोडायला आलेले काही आईबापही कुंपणाशी रेंगाळत होते. मी म्हटलं, "मावशींनी त्या रात्री तंबाखू खाल्ली नव्हती. त्यांचा उपास होता. ती गोष्ट मी उठवली. काका मला सांगायला आले, मावशींना पान लागलंय, आणि मला ते कळलं नाही. मी त्यांची गाडी परत पाठवली."

मग सहावीतली एक मुलगी, जिला मी मण्यारचे पट्टे बाकावर उभं करून पाठ करायला लावले होते, ती हात वर न करताच बोलली. तिचे डोळे मोठे झाले होते.

"बाई, पान लागनं म्हंजे काय, हाई बी तुमले माहीत नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं. "नव्हतं."